'बँगलोर्ड' : एका शहराचे क्रियापद झाले तेव्हा

२००४ साली अमेरिकेत एक टी-शर्ट विकायला आला. त्यावर मजकूर एवढाच होता : 'डोन्ट गेट बँगलोर्ड'. म्हणजे, सावध राहा, तुमचे 'बंगलोर' होऊ देऊ नका. ज्याची नोकरी कंपनीने परदेशात, विशेषतः भारतात हलवली, तो माणूस 'बँगलोर्ड' झाला असे तिकडचे लोक म्हणू लागले होते. वर्तमानपत्रांनी शब्द उचलला, निवडणुकीच्या वर्षात तो तोंडोतोंडी झाला आणि काही काळ इंग्रजीच्या नव्या बोलीशब्दांच्या याद्यांत मिरवला. शहाजीराजांची जहागीर म्हणून मराठी माणसाला माहीत असलेले, वाहनगर्दी आणि थंड हवेसाठी ओळखले जाणारे हे शहर बारा हजार किलोमीटरांपलीकडच्या लोकांना भीतीचे नाव कसे वाटू लागले, याची ही हकीगत.

आपल्याकडच्या गावांची नावे इंग्रजीने याआधीही घेतली आहेत. मुंबईच्या डोंगरीत मिळणारे जाडेभरडे कापड इंग्रज व्यापाऱ्यांच्या तोंडी 'डंगरी' झाले आणि पुढे जगभरच्या कामगारांचा पोशाख त्या नावाने ओळखला गेला. नाशिकजवळच्या देवळालीत १८६१ साली ब्रिटिश फौजेची छावणी वसली. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे महिनोन् महिने बसून राहत. हाताला काम नाही, वर ऊन, अंगात ताप. त्यांतल्या काहींचे डोके फिरले आणि 'डुलॅली टॅप' हा शब्दप्रयोग जन्मला. 'टॅप' म्हणजे आपला तापच. आजही इंग्लंडमध्ये भ्रमिष्टासारख्या वागणाऱ्याला 'डुलॅली' म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला देवळाली कुठे आहे याची कल्पना नसते.

बेंगळुरूचे नावही इंग्रजीत एकदा जाऊन आले होते, तेही स्फोटकाच्या रूपाने. १९१२ साली तिथल्या मद्रास सॅपर्स अँड मायनर्स या पलटणीतल्या कॅप्टन मॅक्लिंटॉक या अधिकाऱ्याने एक युक्ती काढली. लांब नळ्यांत दारू भरायची, नळ्या एकमेकींना जोडत शत्रूच्या काटेरी तारांच्या कुंपणाखाली सरकवायच्या आणि दुरून उडवून द्यायच्या. हा 'बँगलोर टॉर्पेडो' पहिल्या महायुद्धात वापरला गेला आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या अमेरिकन सैनिकांच्या हातीही होता. तेव्हा साठ वर्षांनी जो शब्द आला, त्याच्याआधी अमेरिकन कानांनी हे नाव ऐकलेले होते. फरक एवढाच की या खेपेस त्यांना वाटत होते, स्फोट आपल्या घरात झाला आहे.

पाया कोणी घातला

सॉफ्टवेअर बेंगळुरूतच का रुजले, याचे उत्तर पुष्कळ मागे जाऊन शोधावे लागते. १९०९ साली टाटांच्या पुढाकाराने इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स तिथे स्थापन झाली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना तिथेच काढला. स्वातंत्र्यानंतर इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, हिंदुस्तान मशीन टूल्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स हे सरकारी उद्योग त्याच शहरात आले. पाठोपाठ अवकाश संशोधन. त्यामुळे १९७० च्या दशकात बेंगळुरूत अभियंत्यांची एक अख्खी पिढी तयार होती. आर. के. बाळिगा यांच्या प्रेरणेने कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स या संस्थेने १९७८ साली शहराच्या दक्षिणेला ३३२ एकरांवर इलेक्ट्रॉनिक्स सिटी वसवायला घेतली. तेव्हा आजूबाजूला शेते आणि खेडी होती.

त्याच वर्षी दिल्लीतून एक धक्का बसला. परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांनी भारतातला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा, असा आग्रह जनता सरकारचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी धरला. मुंबईच्या गोदी कामगारांपासून टॅक्सीचालकांपर्यंत सगळ्यांना संघटित करणारे हेच ते जॉर्ज. आयबीएमने हिस्सा सोडायला नकार दिला आणि १९७८ मध्ये ती भारत सोडून गेली. रिकाम्या झालेल्या जागेत देशी कंपन्या शिरल्या. खानदेशातल्या अमळनेरला १९४५ साली वनस्पती तूप काढणाऱ्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या कंपनीने संगणक करायचे ठरवले आणि त्यासाठी बेंगळुरू गाठले. तिचे आजचे नाव विप्रो. १९८१ साली पटनी कॉम्प्युटरमधून बाहेर पडलेल्या सात जणांनी पुण्यात इन्फोसिस काढली. सुधा मूर्ती यांनी दिलेले दहा हजार रुपये हे तिचे भांडवल. दोन वर्षांनी तिनेही आपले बिऱ्हाड बेंगळुरूला हलवले. ज्या दोन कंपन्यांनी पुढे या शहराला जगाच्या नकाशावर नेले, त्या दोन्हींची नाळ महाराष्ट्रात पुरलेली आहे, हे आपण सहसा लक्षात ठेवत नाही.

१९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी बेंगळुरूत आली आणि खरी वाट तिथून फुटली. तिने स्वतःची उपग्रहजोडणी उभारून इथल्या अभियंत्यांचे काम थेट अमेरिकेत पाठवायला सुरुवात केली. माणूस न हलवता काम हलवता येते, हे तिने दाखवून दिले. १९९१ मध्ये केंद्र सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आणली, तेव्हा ती सोय लहान कंपन्यांनाही मिळाली. त्यानंतर वायटूके आले. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे लिहिलेले असल्यामुळे २००० साल उजाडताच बँका, विमाने, वीजकेंद्रे यांचे संगणक गोंधळतील या भीतीने अमेरिकन कंपन्यांनी कोट्यवधी ओळींची तपासणी करायला घेतली. काम कंटाळवाणे, किचकट आणि तारखेला बांधलेले. भारतीय कंपन्यांनी ते वेळेत करून दिले. यातून पैसा मिळाला, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे विश्वास मिळाला. अमेरिकन व्यवस्थापकांना बेंगळुरूतल्या माणसांचे फोन नंबर पाठ झाले.

तीन गोष्टी एकदम

यापुढे जे झाले त्याला तीन कारणे एकाच वेळी जुळून आली. इंटरनेटच्या तेजीत अमेरिकन कंपन्यांनी अब्जावधी डॉलर ओतून समुद्रतळाशी काचतंतूंच्या केबल टाकल्या होत्या. २००० साली फुगा फुटला आणि त्या कंपन्या एकेक करून दिवाळखोरीत गेल्या. केबल मात्र जागच्या जागी राहिल्या आणि त्यांच्यातून संदेश पाठवायचा खर्च कोसळला. टायको या कंपनीने अफाट खर्चाने बांधलेले जागतिक केबलजाळे टाटांच्या व्हीएसएनएलने फक्त १३ कोटी डॉलरला घेतले, हा सौदा २००४ सालचाच.

दुसरे कारण व्हिसाचे. तेजीच्या काळात परदेशी तज्ज्ञांना अमेरिकेत कामासाठी मिळणाऱ्या एच-वन-बी व्हिसांची वार्षिक मर्यादा १ लाख ९५ हजारांपर्यंत वाढवली गेली होती. ऑक्टोबर २००३ पासून ती पुन्हा ६५ हजारांवर आली. भारतीय अभियंत्याला अमेरिकेत येऊ द्यायचे नाही म्हटल्यावर काम त्याच्याकडे जाणार, हे उघड होते. व्हिसांच्या विरोधकांनी दार लावले ते माणसांसाठी, काम खिडकीतून निघून गेले.

तिसरे कारण सर्वांत दुखरे. २००१ ची अमेरिकन मंदी कागदोपत्री आठ महिन्यांत संपली, पण नोकऱ्या परतल्या नाहीत. जून २००३ मध्ये बेकारी ६.३ टक्क्यांवर गेली. याआधी कारखाने बंद पडत तेव्हा कामगारांना सांगितले जाई, शिका, संगणक शिका, तुमचे भले होईल. आता शिकलेल्यांच्याच नोकऱ्या जात होत्या. नोव्हेंबर २००२ मध्ये फॉरेस्टर या संशोधन कंपनीने भाकीत केले की २०१५ पर्यंत ३३ लाख पांढरपेशा नोकऱ्या अमेरिकेबाहेर जातील. हा आकडा पुढची दोन वर्षे प्रत्येक भाषणात, प्रत्येक चर्चेत फिरत राहिला.

एकच खोली, दोन शब्द

या काळात अमेरिकेतल्या असंख्य कार्यालयांत एक प्रसंग पुन्हा पुन्हा घडला. भारतीय कंपनीचे दोन-चार तरुण येत. त्यांना एका जुन्या, जाणत्या कर्मचाऱ्याशेजारी खुर्ची मिळे. तो पंधरा-वीस वर्षांपासून सांभाळत असलेली प्रणाली त्यांना समजावून सांगे. कोणता प्रोग्रॅम रात्री किती वाजता सुरू होतो, कुठे अडकतो, अडकल्यावर काय करायचे, कागदावर न लिहिलेल्या कोणत्या गोष्टी फक्त त्याच्या डोक्यात आहेत. हे तरुण वह्यांत टिपत. पहिले काही आठवडे तो काम करी आणि हे पाहत. पुढचे काही आठवडे हे करीत आणि तो पाही. मग सगळे बेंगळुरूहून चालू होई आणि त्याची खुर्ची रिकामी होई. जाताना मिळायची रक्कम हवी असेल तर हे शिकवणे पुरे केलेच पाहिजे, अशी अट असल्याच्या तक्रारी अनेकांनी केल्या.

बेंगळुरू, पुणे, हैदराबाद इथल्या कंपन्यांत या कामाला नाव होते 'केटी'. नॉलेज ट्रान्सफर. पाहत बसण्याला 'शॅडोइंग', स्वतः करून दाखवण्याला 'रिव्हर्स केटी'. आजही पुण्यातल्या हिंजवडीत कोणी मुलगा घरी फोन करून सांगतो, "आई, या आठवड्यात केटी आहे, यायला उशीर होईल." त्या शब्दात त्याला काही सलत नाही; सलण्याचे कारणही नाही. तो नवे काम शिकत असतो, त्याची पहिली परदेशवारी असते, घरच्यांनी विमानतळावर त्याला हार घातलेला असतो. त्याच खोलीत टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस त्याच आठवड्यांना 'आपल्या बदलीला शिकवणे' म्हणत होता आणि घरी गेल्यावर बायकोला सांगत होता की आपण 'बँगलोर्ड' झालो. मला या सगळ्या इतिहासाचा गाभा त्या खोलीत दिसतो. दोघेही खरे बोलत होते आणि दोघांचेही शब्द अपुरे होते.

२००४ चा हिवाळा

२००३ च्या नोव्हेंबरपासून घटनांना वेग आला. इंडियाना राज्याने बेकारभत्त्याचे अर्ज हाताळणारी संगणकप्रणाली सुधारण्याचे दीड कोटी डॉलरचे कंत्राट टाटा कन्सल्टन्सीच्या अमेरिकन शाखेला दिले होते. बेकारांना मदत करायची यंत्रणा भारतीयांकडून करून घेतली जाते म्हटल्यावर गदारोळ उठला आणि गव्हर्नर जो कर्नन यांनी कंत्राट रद्द केले. न्यू जर्सीत सरकारी मदत घेणाऱ्या गरिबांचे फोन मुंबईतल्या कॉल सेंटरला जातात असे उघड झाले होते. राज्याच्या सिनेटर शर्ली टर्नर यांनी त्याविरुद्ध विधेयक आणले होते आणि ते काम जादा पैसे मोजून परत न्यू जर्सीत आणले गेले होते. सीएनएनवर लू डॉब्ज हे निवेदक परदेशात काम पाठवणाऱ्या कंपन्यांची यादी वाचून दाखवू लागले. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने काही सरकारी कंत्राटांतले काम देशाबाहेर पाठवण्यास मनाई करणारे कलम मंजूर केले.

फेब्रुवारीत अध्यक्ष बुश यांचे आर्थिक सल्लागार ग्रेगरी मॅनकिव यांनी सांगितले की हाही व्यापाराचाच एक प्रकार आहे आणि दीर्घकाळात देशाच्या फायद्याचा आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे वाक्य खपून गेले असते. निवडणुकीच्या वर्षात त्यांच्याच पक्षाचे पुढारी त्यांच्यावर तुटून पडले. डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरी यांनी नोकऱ्या बाहेर धाडणाऱ्या कंपनीप्रमुखांना 'बेनेडिक्ट अर्नोल्ड' म्हटले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांना जाऊन मिळालेला हा सेनानी. आपल्याकडे जसा सूर्याजी पिसाळ, तसे त्यांच्याकडे हे नाव. त्याच महिन्यात 'वायर्ड' मासिकाने भारतीय प्रोग्रॅमरांवर मुखपृष्ठकथा केली आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'चे थॉमस फ्रीडमन बेंगळुरूत चित्रीकरण करीत होते. इन्फोसिसच्या आवारात तिचे तेव्हाचे प्रमुख नंदन निलेकणी यांच्याशी झालेल्या गप्पांतून त्यांना पुढच्या वर्षीच्या 'द वर्ल्ड इज फ्लॅट' या पुस्तकाचे सूत्र सापडले. एप्रिलमध्ये इन्फोसिसने जाहीर केले की तिची वार्षिक उलाढाल एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. टी-शर्ट विकायला हीच हवा होती.

आता यातली गावे पाहा. इंडियानाचे कंत्राट घेणारी टाटा कन्सल्टन्सी मुंबईची. न्यू जर्सीचे फोन मुंबईत वाजत होते. 'वायर्ड'च्या त्या लेखातले प्रोग्रॅमर मुंबईचे. अंधेरीच्या सीप्झमध्ये निर्यातीसाठी सॉफ्टवेअर लिहिले जात होते ते कितीतरी आधीपासून. तरीही 'बॉम्बेड' असा शब्द निघाला नाही. मला याचे कारण असे वाटते की मुंबईला अमेरिकन मनात आधीच दुसरी चित्रे होती : चित्रपट, गर्दी, झोपडपट्ट्या, व्यापार. बेंगळुरूची पाटी कोरी होती. त्या नावाचा उच्चार अमेरिकनाला जड नव्हता आणि त्याचा अर्थ त्याच्या लेखी एकच होता, सॉफ्टवेअर. शिवाय फ्रीडमनसारखे पत्रकार आणि सिनेटर, गव्हर्नर, कंपनीप्रमुख बघायला जात ते इलेक्ट्रॉनिक्स सिटीतले हिरवेगार आवार. रांगेने लावलेली झाडे, काचेच्या इमारती, सायकलवरून फिरणारे तरुण. भीतीला चेहरा लागतो आणि तो या शहराने पुरवला.

शब्दाची घडणही पाहण्यासारखी आहे. इंग्रजीत असाच जुना शब्द 'शांघाइड'. एकोणिसाव्या शतकात सॅन फ्रान्सिस्को आणि पोर्टलंडच्या बंदरांत माणसाला दारू किंवा गुंगीचे औषध पाजून जहाजावर टाकत. शुद्धीवर येईपर्यंत तो चीनच्या वाटेला लागलेला असे. तिथे माणूस पळवला जाई. 'बँगलोर्ड'मध्ये माणूस घरीच राहतो, पळवली जाते ती नोकरी. दोन्ही शब्द बहुतेक कर्मणी प्रयोगातच येतात. मी 'बँगलोर्ड' झालो. कोणी केले? वाक्यात कर्ता नाही. निर्णय घेणारे संचालक मंडळ, दर तिमाहीला नफा वाढलाच पाहिजे असे बजावणारे गुंतवणूकदार, सल्ला देणाऱ्या फर्म, यांतले कोणीच त्या वाक्यात नाही. उरते ते गावाचे नाव. केरींचा शब्द निदान वर, म्हणजे कंपनीच्या प्रमुखाकडे बोट दाखवत होता. 'बँगलोर्ड'ने ते बोट समुद्रापलीकडे वळवले. निवडणूक संपताच पहिला शब्द विरला, दुसरा राहिला.

आकडे काय सांगत होते? अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाने २००४ पासून मोठ्या कामगारकपातींची कारणे नोंदवताना 'काम देशाबाहेर गेले' हे कारणही विचारायला सुरुवात केली. वर्षाच्या पहिल्या तिमाहीत मोठ्या कपातींत नोकरी गमावलेल्या २ लाख ३९ हजार लोकांपैकी या कारणाने गेलेले निघाले ४,६३३, म्हणजे सुमारे दोन टक्के. ही मोजणी पन्नासहून कमी माणसे काढणाऱ्या कंपन्यांना धरत नव्हती, आणि भारतात निर्माण झालेली पण अमेरिकेत न निघालेली नोकरी तिला दिसणार नव्हती. खरा आकडा मोठा असणार. तरीही शब्दाने उभे केलेले चित्र आणि मोजता आलेला परिणाम यांत फार अंतर होते. यंत्रे, सॉफ्टवेअर आणि मंदी यांनी कितीतरी जास्त नोकऱ्या खाल्ल्या, पण त्यांच्यावर टी-शर्ट निघाला नाही.

या बाजूचा शब्द

जानेवारी २००४ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त बाबू रमेश या अभ्यासकाचा कॉल सेंटरांतल्या कामगारांवर निबंध छापून आला. शीर्षकात शब्द होते 'सायबर कुली'. अमेरिकेत ज्यांना नोकऱ्या लुटणारे म्हटले जात होते, त्यांना त्याच महिन्यांत त्यांच्याच देशातले टीकाकार हमाल म्हणत होते. हे दोन शब्द शेजारी ठेवले की काळ समजतो.

बेंगळुरूत रात्री साडेआठ वाजता न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यातल्या सकाळचे दहा वाजलेले असतात. म्हणून शहराचा एक भाग संध्याकाळी कामाला निघू लागला. कोरमंगला, बीटीएम, मराठहळ्ळीच्या गल्ल्यांतून टाटा सुमो आणि बिडदीच्या टोयोटा किर्लोस्कर कारखान्यातून निघालेल्या क्वालिस फिरत, दाराशी हॉर्न वाजवत, सात-आठ मुलामुलींना भरून नेत. मग उच्चार सुधारण्याचे प्रशिक्षण, फोनवर घ्यायचे गोरे नाव, समोरच्या पडद्यावर प्रत्येक कॉलची मोजली जाणारी मिनिटे, आणि मधूनमधून नोकरीचोर म्हणून खावी लागणारी शिवी. त्या शिवीला उत्तर द्यायचे नाही, हेही प्रशिक्षणात सांगितलेले असे. सोलापूर, सांगली, बेळगाव, नांदेडहून गेलेली कितीतरी मराठी मुले या गाड्यांत होती. त्यांच्या पहिल्या पगाराने घरचे कर्ज फिटले, बहिणीचे शिक्षण झाले. त्यांनी वयाच्या बाविसाव्या वर्षी वडिलांच्या निवृत्तीच्या वेळच्या पगाराहून जास्त कमावले. त्यांची झोप, पचन आणि सणवार मात्र बिघडले.

डिसेंबर २००५ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका तरुण विवाहितेचा गाडी घेऊन आलेल्या माणसाने खून केला. देश हादरला. त्यानंतर स्त्रियांना नेताना सोबत रक्षक, चालकांची पडताळणी, शेवटच्या थांब्यावर एकटी स्त्री नसावी अशा गोष्टींकडे कंपन्यांना गांभीर्याने पाहावे लागले. 'बँगलोर्ड' म्हणणाऱ्यांपर्यंत ही बातमी पोचली असेल असे वाटत नाही.

शब्द उतरणीला लागतो

शब्दाची धार आधी बेंगळुरूतच बोथट झाली. २००६ साली ईश्वर सुंदरेशन यांनी या शहरात राहायला आलेल्या परदेशी माणसांवर पुस्तक लिहिले आणि त्याला नाव दिले 'बँगलोर्ड'. अमेरिकन, युरोपीय व्यवस्थापक आता इथे बदलीवर येत, घर शोधत, मुलांना शाळेत घालत. नोकरी गेलेल्याचा शब्द बेंगळुरूत येऊन राहिलेल्यांना लागला. त्याच सुमारास शहराचे नावच बदलायची वेळ आली. डिसेंबर २००५ मध्ये कन्नड साहित्यिक यू. आर. अनंतमूर्तींनी सुचवले की राज्याच्या सुवर्णमहोत्सवात कन्नड नाव परत घ्यावे. सरकारने ते मान्य केले. केंद्राची मंजुरी मिळून १ नोव्हेंबर २०१४ पासून बँगलोर अधिकृतपणे बेंगळुरू झाले. यामागे कन्नडचा अभिमान होता, अमेरिकन शब्दाशी त्याचा संबंध नव्हता. पण ज्या नावावरून क्रियापद बनले ते नाव नकाशावरून गेले, हेही खरे.

तिकडे राजकारणाने शहराला सोडले नव्हते. मे २००९ मध्ये अध्यक्ष ओबामांनी करपद्धतीवर टीका करताना उदाहरण दिले की बफेलोत नोकरी निर्माण करण्यापेक्षा बेंगळुरूत केली तर कर कमी बसतो. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात मुंबईत उद्योजकांपुढे बोलताना त्याच ओबामांनी मान्य केले की भारत म्हणजे अमेरिकन नोकऱ्या खाणारी कॉल सेंटर हे चित्र जुने झाले आहे. १९७८ ला निघून गेलेली आयबीएम १९९२ मध्ये परतली होती. २०१७ पर्यंत तिची भारतातली माणसे अमेरिकेतल्या माणसांहून जास्त झाली. स्वस्तात काम करून घ्यायची जागा म्हणून ज्या शहराकडे पाहिले गेले, तिथे नंतर जगभरच्या कंपन्यांनी स्वतःची संशोधनकेंद्रे काढली.

आणि आता चक्र इकडे फिरले आहे. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने आपल्या मनुष्यबळातले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक लोक कमी करणार असल्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या आणि वरच्या पायरीवरचे, अनुभवी लोक प्रामुख्याने होते. सप्टेंबरमध्ये ट्रम्प यांनी नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावले. हिंजवडी आणि बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या चाळिशीतल्या माणसांना वीस वर्षांपूर्वी टेबलापलीकडे बसलेला तो अमेरिकन आज आठवत असेल तर नवल नाही. त्याचे दुःख खरे होते. त्याने पत्ता मात्र चुकीचा दिला होता.

या इतिहासाची एक बाजू अमेरिकन वर्तमानपत्रांत, पुस्तकांत, विधिमंडळांच्या नोंदींत भरपूर लिहिलेली आहे. दुसरी बाजू अजून लोकांच्या डोक्यात आहे आणि ती माणसे आता पन्नाशीकडे झुकली आहेत. २००० ते २०१० या काळात बेंगळुरूत रात्रपाळी केलेल्या, केटीसाठी परदेशी गेलेल्या, फोनवर दुसऱ्याचे नाव घेऊन बोललेल्या मराठी माणसांनी आपल्या आठवणी लिहून काढाव्यात : तारखा, पगार, गाड्यांच्या वेळा, कार्यालयात बोलले जाणारे शब्द, खाल्लेल्या शिव्या आणि टेबलापलीकडच्या माणसाशी झालेले बोलणे, सगळे. मराठी नियतकालिकांनी त्यासाठी पाने राखून ठेवावीत.